हाकेचा दिवा

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट मला सोडून बाकी सगळ्यांना फार सोयीची वाटते. “बरं आहे बाई तुमचं, वाटेल ते बोलायला मोकळ्या,” असं शेजारच्या शिवणवाल्या काकू म्हणतात. त्यांचा नवरा कानाने तिखट आहे आणि प्रत्येक शब्दाचा जाब विचारतो, त्यामुळे त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण बहिऱ्या माणसाशी भांडून बघा एकदा. तो तुमच्या ओठांकडे बघणार, म्हणजे तुम्ही प्रत्येक शब्द सावकाश, तोंड नीट उघडून म्हणायचा. “तुम्ही अगदी हट्टी आहात” हे असं हळूहळू म्हणायला गेलं की राग अर्ध्या वाटेवरच बसतो. शिवाय कंटाळा आला की हे सरळ डोळे मिटून घेतात. मग बोला भिंतीशी.

हे पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात फिटर होते. नवऱ्याचं कामाचं ठिकाण बघायचं म्हणून लग्नानंतर मी एकदा तिथे गेले होते. लांबच लांब शेड, दोन्ही बाजूंना प्रेस, आणि प्रत्येक प्रेसच्या तोंडातून धडाधड झाकणं खाली पडत होती. दारातून आत पाऊल टाकलं आणि आवाज पायांतून पोटात शिरला. आत कोणी बोलत नव्हतं. सगळे नुसते ओठ हलवत होते, बोटांनी खुणा करत होते, आणि तोंड उघडून हसत होते; त्या हसण्याचा आवाज मात्र कुठेच नव्हता. ते बहुतेक मलाच हसत असावेत, कारण मी दोन्ही कानांत बोटं घालून उभी होते. घरी आल्यावर हे म्हणाले, “सवय होते.” झालीच सवय. आवाजाची सवय होणं म्हणजे कान हळूहळू जाणं, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही.

कारखान्यात ह्यांना सगळे ‘वैद्य’ म्हणायचे. मशीन कुरकुरायला लागलं की दुसरे फिटर ते बंद करून खोलून बसायचे. हे चालू मशीनवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. त्या गोंगाटात कानाचा उपयोगच नव्हता, म्हणून कानाचं काम त्यांनी हाताला शिकवलं होतं. दर वेळी बरोबर सांगायचे असं नाही. एकदा ह्यांनी चांगलं बेअरिंग काढायला लावलं आणि दिवसभर प्रेस बंद पडला, तेव्हा ‘वैद्यांनी रोगी मारला’ म्हणून सगळ्यांनी महिनाभर चिडवलं. पण नाव राहिलं ते राहिलं.

कान एकदम गेले नाहीत. आधी बारीक आवाज गेले. घड्याळ, कुकरची शिट्टी, दारावरची घंटा. घरात आले तरी हे शेडमध्ये असल्यासारखे ओरडून बोलायचे आणि सासूबाई म्हणायच्या, “अरे हळू, आम्ही काय बहिरे आहोत?” मग एकदा मोठा ताप आला आणि कारखान्याने ठेवलेलं जे काही होतं तेही घेऊन गेला. आमची मुलगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. कानाचं यंत्र आणलं, ते हे चार दिवस वापरून म्हणाले, “ह्यात माशी शिरलीय.” दुसरं आणलं, त्यातही माशी. तेव्हापासून दोन्ही यंत्रं कपाटात आहेत आणि हे ओठांवर जगतात.

मी ह्यांना ‘अहो’ म्हणते. आतल्या खोलीतून ‘अहो’ म्हटलं की बाहेरून ‘काय गं’ यायचं. त्यात विशेष काही नाही, घरोघरी हेच चालतं. हाक मारायची, ओ यायची, आणि तोपर्यंत कशासाठी हाक मारली तेच विसरलेलं असायचं. पण ते थांबलं तेव्हा कळलं की संसारातलं निम्मं बोलणं म्हणजे तेवढंच असतं. आता काही सांगायचं तर हातातलं काम टाकून बाहेर जायचं, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा, त्यांनी तोंडाकडे बघेपर्यंत थांबायचं. एवढं करून ‘आज हवा छान सुटलीय’ असं कोण सांगणार? मग हळूहळू फक्त कामाचंच उरलं. जेवायला चला. गॅस संपला. फोन आलाय. मी फार बोलकी होते हो. आणि तोंडातून ‘अहो’ मात्र अजून निघतं, दिवसातून कितीदा तरी, आणि कोणीच ओ देत नाही. त्या ओसाठी मी झुरले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

ह्यांना ते माहीत आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मग मी पडले.

वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढले होते, स्टूल सरकलं आणि मी पाय मुरगळून ओट्याखाली बसले. उठता येईना. हे बाहेरच्या खोलीत, दाराकडे पाठ करून, शेजाऱ्यांचा पंखा उघडून बसले होते. मला त्यांची पाठ दिसत होती. केस कापताना मानेवर राहून गेलेला पुंजकासुद्धा दिसत होता. मी ‘अहो’ म्हणून हाक मारली, मग ओरडले, मग रडले, मग हातात आली ती पळी त्यांच्याकडे फेकली, ती दारातच पडली. हे पंख्याचा स्क्रू फिरवत होते आणि स्वतःशी गुणगुणत होते. चहाची वेळ झाली तरी चहा आला नाही म्हणून शेवटी उठून आत आले.

ह्यांनी माझ्या पायाला पट्टी बांधली. नंतर एवढंच विचारलं, “किती हाका मारल्यास?” मी म्हटलं, “नाही मारल्या, आत्ताच पडले.” ह्यांनी दारात पडलेल्या पळीकडे बघितलं.

मुलीला कळलं तेव्हा तिने बाजारातून एक वस्तू पाठवली. बटण दाबलं की दुसऱ्या खोलीत दिवा लुकलुकतो. बटण गळ्यात अडकवायचं. मला ते बरं वाटलं, पण ह्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि ठेवून दिलं. “बटण कोणीही दाबेल,” म्हणाले. “मला तुझी हाक कळायला हवी.”

“हाक ऐकायला कान लागतात,” मी म्हटलं. पायाने लंगडत होते, त्यामुळे जीभ अजून धारदार झाली होती.

“ऐकायची नाही. तिच्यावर दिवा लावायचा.”

मग त्यांनी मला समजावलं, आणि ते समजावताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फार वर्षांनी बघत होते. स्पीकरला वीज दिली की त्याचा कागदी पडदा हलतो आणि आवाज निघतो. मग उलट करायचं. पडद्यावर आवाज पडू द्यायचा. पडदा हलला की मागची तारेची गुंडाळी लोहचुंबकात हलते आणि वीज निघते. अगदी थोडी, मुंगीच्या घासाएवढी, पण निघते.

“मग तुमच्या कारखान्यात डोक्यावर दिवे का नाही लागले? तिथे तर आवाजाला तोटा नव्हता.”

“कोणी लावले नाहीत,” म्हणाले. “सगळा आवाज आमच्या कानांवर खर्च झाला. आता थोडा तरी कामाला लावू.”

झालं. बाहेरच्या खोलीचा कारखाना झाला. भंगारवाल्याकडून जुन्या टीव्हीचे, रेडिओचे, गाड्यांचे स्पीकर आले. तारा, छोटे ट्रान्सफॉर्मर, खेळण्यातले बारीक लाल दिवे. पलंगावर बसायला जागा नाही. हे स्पीकरपुढे तोंड नेऊन ‘आ’ करायचे आणि दिव्याकडे डोळे लावायचे. दिवा ढिम्म. घरातल्या नेहमीच्या आवाजात दम तो किती! नळाचा, फोडणीचा, रस्त्यावरच्या गाड्यांचा, काकूंच्या शिवणयंत्राचा. सगळं मिळून क्षणभरही दिवा लागेना. मी म्हणायची, “वाळूतून तेल काढताय.” त्यावर हे डोळे मिटायचे.

पण हट्टी माणूस आहे, आणि आयुष्यभर डबे केलेले आहेत. त्यांना पुढचं डब्यांतच सुचलं. त्यांनी दोन डबे केले. एक मोठा, तेलाचा, त्याच्या तोंडावर स्पीकर बसवलेला. तो घरातला कुठलाही आवाज घ्यायचा आणि त्याची जी काही चिमूटभर वीज होईल ती आत साठवून ठेवायचा. दुसरा डबा छोटा, त्याच्या झाकणाला भोक पाडून एक नळी बसवलेली, आत-बाहेर सरकणारी. अशा डब्यात एकाच उंचीचा सूर घुमतो, बाकीचे नाही. नळी बाहेर ओढली की सूर खाली येतो, आत ढकलली की वर जातो. छोटा डबा त्याच्या सुराने थरथरला की मोठ्या डब्यातली साठवण उघडायची आणि दिवा लागायचा. “घरातला दिवसभरचा गोंगाट साठवायचा,” हे म्हणाले, “आणि तुझ्या हाकेने तो उघडायचा. दुसऱ्या कोणाच्या नाही. तू कुलपाची किल्ली.” लग्नानंतर इतक्या वर्षांत एवढं गोड मला कोणी बोललं नव्हतं, आणि तेही तेलाच्या डब्यावरून.

डबे स्वयंपाकघरात लागले, तार बाहेर गेली, आणि दिवा ह्यांच्या टेबलावर एका काळ्या पुठ्ठ्याच्या खोपट्यात बसला. मग साठवण भरत नाही अशी तक्रार सुरू झाली. “तू फार हळू काम करतेस,” हे म्हणाले. “जरा आदळआपट कर.” आता सांगा, कुठल्या बायकोच्या नशिबी असं येतं? नवरा स्वतः येऊन सांगतो की भांडी आपट. मी मनापासून आपटली. आजवरचं सगळं आपटून घेतलं. काकूंनी खिडकीतून विचारलं, “भांडण झालं वाटतं?” मी म्हटलं, “नाही, वीज भरतेय.” त्या खिडकी लावून आत गेल्या.

राहिली ती किल्ली. छोट्या डब्याची नळी माझ्या आवाजाला बरोबर बसवायची होती. मला वाटलं, मला बोलावतील, हाक मारायला लावतील. पण हे छोटा डबा बाहेर नेऊन एकटेच दुपारभर बसले. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि बाहेरून कोणीतरी हाक मारली, “अहो.” बाईचा आवाज. मी उठून दारात गेले. बाहेर दुसरं कोणी नव्हतं. हे डोळे मिटून, एक तळहात डब्यावर ठेवून, गळा बारीक करून म्हणत होते, “अ-हो. अ-हो.” आणि दुसऱ्या हाताने नळी सरकवत होते. स्वतःचं त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. डबा हाताखाली थरथरतोय का तेवढं बघत होते.

ती हाक माझी होती. ‘अ’वर जरा रेंगाळून ‘हो’ वर उचलायची, अगदी तशीच. मी असं बोलायची हे मला आठवतसुद्धा नव्हतं. मुलगी झाल्यानंतरच्या दिवसांत, ती नुकती झोपलेली असायची तेव्हा मी अशी हाक मारायची. ह्यांनी ती जपून ठेवली होती. मी घड्या तशाच टाकल्या आणि न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. हे दाराकडे पाठ करून दिव्यापुढे बसले. मी आतून ‘अहो’ म्हटलं. काही नाही. मोठ्याने म्हटलं, डब्याजवळ जाऊन म्हटलं, आवाज चढवून म्हटलं, उतरवून म्हटलं. दिवा मेलेला. हे तार तपासायचे, सोल्डरचे टाके परत द्यायचे, पुन्हा पाठ करून बसायचे. असे कितीतरी दिवस गेले. बसलेली ती पाठ मला बघवेना. शेवटी मीच म्हटलं, सोडा, गळ्यात बटण घालते. ह्यांनी नाही म्हणून मान हलवली.

मग मुलगी राहायला आली. बसून गप्पा झाल्या, आणि मी आतल्या खोलीत शिवणासाठी सुईत दोरा ओवत बसले असताना ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तिथून तिने हाक मारली, “आई, अगं भांडी कुठे ठेवलीस?” बाहेर खुर्ची धाडकन पडली. हे धावत आत आले. धावत, ह्या वयात. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “हाक मारलीस! लागला! तू हाक मारलीस!”

माझ्या ओठांत दोरा होता. मी हाक मारली नव्हती. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, हो म्हणून टाकावं. पण मुलगी तिथेच उभी होती, आणि हे फिटर माणूस, खात्री केल्याशिवाय राहतात कसले? त्यांनी आम्हा दोघींना डब्यापुढे उभं केलं. आधी मी. दिवा नाही. मग मुलगी. दिवा लागला, लाल, काजव्याएवढा. परत मी. नाही.

“हिचा लागतो,” हे म्हणाले. “तुझा का नाही?”

मुलीने माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली, “बाबा, आईचा आवाज आता माझ्यासारखा नाही. जाड झालाय. खाली गेलाय. वय झालं ना.”

हे तिच्या ओठांकडे बघत राहिले, जणू ती अजून काही सांगणार होती. मग माझ्या गळ्याकडे बघितलं. केस पांढरे झाले ते त्यांनी बघितलं होतं, दात पडला तो बघितला होता, चष्मा त्यांनीच आणला होता. आवाज तेवढा म्हातारा झालेला त्यांना कोणी दाखवला नव्हता. “म्हणजे मी इतकी वर्षं,” असं म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, “तुझे ओठ हलतात तेव्हा मला ऐकू येतं. आत. तो आवाज कोणाचा मग?”

इतकी वर्षं रोज मी ‘जेवायला चला’ म्हणायची आणि ह्यांना आत ती तेव्हाची मी ऐकू यायची, लांब वेणीची. मला माझाच मत्सर वाटला. लोकांच्या घरात सवत बाहेरून येते, माझ्या घरात मीच माझी सवत होऊन बसले होते. आणि ती माझ्याहून तरुण, आणि तिला ओ मिळत होती.

मुलगी गेली. हे डब्यांना हात लावेनात. पंखे, इस्त्र्या, लोकांचं जे येईल ते दुरुस्त करत बसायचे. मी आत एकटी असताना बारीक आवाज काढून बघायची. मुलीसारखा, गळा आवळून. खोकला यायचा. एकदा मात्र जमला. बाहेर दिवा लागला असणार, कारण हे दारात येऊन उभे राहिले. माझ्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या होत्या, डोळ्यांत पाणी आलं होतं. हे बघत राहिले आणि म्हणाले, “नको. ओढूनताणून नको.”

मग जवळ आले आणि त्यांनी तळहात माझ्या गळ्यावर ठेवला. नीट, पूर्ण, मशीनवर ठेवायचे तसा. डोळे मिटले.

“बोल,” म्हणाले.

“काय बोलू?”

डोळे मिटलेले, म्हणजे ओठ दिसत नव्हते. मी काय बोलते ते त्यांना कळणारच नव्हतं. कळणार होता तो फक्त आवाज, आत्ताचा, जाड झालेला. “बोलत राहा,” हे म्हणाले.

मग मी बोलले. सुरुवातीला उगीच काहीतरी, हवा छान सुटलीय वगैरे. मग जे आलं ते. पाय मुरगळला तेव्हाचं सांगितलं, किती हाका मारल्या ते सांगितलं. चहात साखर जास्त घालता ते सांगितलं. तुमचे कान गेले तेव्हा मी तुमच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त रडले, हे सांगितलं. पळी मी पाठीवर नेम धरून मारली होती, हेही सांगितलं. माझं इतकं बोलणं कोणी इतका वेळ धरून ठेवलं नव्हतं. त्यांची बोटं माझ्या कानामागे होती आणि हात गरम होता. आणि शेवटी, आता सांगायचं काही उरलंच नाही तेव्हा, मी त्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव, ‘अहो’ नाही. चारचौघांत सोडाच, एकटीनेसुद्धा मी ते कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. कागदावर लिहायची वेळ आली तर लिहिलं होतं तेवढंच. नवीन कपड्यासारखं ते तोंडाला जरा कडक लागलं.

ह्यांनी डोळे उघडले. “हे शेवटचं,” म्हणाले. “हे काय होतं?”

“काही नाही. अहो म्हटलं.”

“नाही. अहो मी मघाशी तीनदा पकडलं. अहो म्हणताना तुझा आवाज दर वेळी कुठेतरी वेगळाच पडतो. हे मात्र हाताला घट्ट लागलं. ह्यावरच बसवतो.”

खरं आहे त्यांचं. इतकी वर्षं ओ न आलेली हाक माणूस कशीही मारतो. पण आता पंचाईत अशी झाली, की डबा बसवायचा तर मला तेच म्हणत राहायला हवं होतं. हे डब्यावर तळहात ठेवून, खाली मान घालून नळी तसूतसूने ओढत होते आणि म्हणत होते, “परत. परत. अजून एकदा.” आणि मी भर दुपारी, तेलाच्या डब्यांपुढे उभी राहून, नवऱ्याचं नाव घेत होते. पहिल्यांदा कानकोंडं झालं, मग हसू फुटलं, मग ते आवडायला लागलं. काकूंची खिडकी उघडली. त्यांच्या मागे त्यांचा तिखट कानाचा नवराही दिसला. “अगं बाई,” काकू म्हणाल्या, “ह्या वयात?” संध्याकाळपर्यंत ते नाव सगळ्या गल्लीने ऐकलं होतं, एक माणूस सोडून.

नंतर हे बाहेर जाऊन बसले, दाराकडे पाठ करून. मी ओट्यापाशी उभी राहिले आणि हाक मारली. नेहमीच्या आवाजात, काही न ताणता. बाहेर खोपट्यात लाल झालं ते मला इथून दिसलं. हे वळले नाहीत. उठले नाहीत. तशीच पाठ ठेवून, स्क्रू फिरवता फिरवता, शेडमधल्यासारखं मोठ्याने म्हणाले, “काय गं?”

मी ओट्याला धरून उभी राहिले. काम काहीच नव्हतं.

तर सध्या आमच्याकडे असं चालतं. दिवसभर मी भांडी आपटते, दोन-चार हाकांपुरती वीज भरते. मुलगी घरी असली की मी हाक मारत नाही, पाण्याचा तांब्या घेऊन उठून जाते. तिच्यासमोर तेवढं धैर्य होत नाही. ह्यांनी दोनतीनदा विचारलं, “तू नक्की काय म्हणतेस?” मी सांगते, “अहो.” त्यांचा विश्वास बसत नाही, पण वळून बघेपर्यंत माझं तोंड मिटलेलं असतं. हाक आधी, दिवा नंतर, आणि त्यानंतर हे. ह्या शर्यतीत मी कायम पुढे.

परवा मात्र फसले. दिवा लागण्याची वाट न बघता हे आधीच वळून बसले होते, लबाड माणूस, आणि मी भाजी चिरता चिरता बेसावध हाक मारली. मान वर केली तर हे सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटचं अक्षर अजून ओठांवर होतं. आयुष्य ओठ वाचण्यात गेलेल्या माणसाला ‘अहो’चं तोंड कसं असतं ते मी काय शिकवणार?

ह्यांचा चेहरा आधी लहान मुलासारखा झाला आणि मग अगदी म्हाताऱ्यासारखा. मी भाजीकडे बघायला लागले. चिरलेलंच परत चिरलं. हे उठून आले, माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि माझी हनुवटी बोटाने वर केली, म्हणजे ओठ दिसतील.

“मला नीट ऐकू आलं नाही,” म्हणाले. “परत म्हण.”

साठवण संपली होती, दिवा काही लागणार नव्हता. तरी मी म्हटलं.